आठ नंबर

श्वास घ्या. धरा. हलू नका.
…सोडा.

पडद्यावर उमटली मॅकव्हिकारची छाती:
फासळ्यांचं धुकं, मधोमध हृदयाची सावली,
आणि उभ्या हाडावर, वरून खाली,
तारेचे सहा पांढरेशुभ्र पीळ.

म्हातारा काचेच्या अलीकडे आला, शर्टाची बटणं उघडीच.
चष्मा नाकावर चढवला
(त्याची एक काडी तारेचीच)
आणि विचारलं, "कितवा नंबर?"

माहीत नाही, म्हटलं. बारीक असते. गंजत नाही.
"म्हणजे आठ नव्हे," तो म्हणाला, जरा हिरमुसून.

डनीडनपासून दोन तास आत, मॅनिओटोटोच्या पठारावर
पन्नास वर्षं कुंपणं घातली या माणसाने.
तिकडे वारा, मेंढ्या,
आणि खांबाखांबांतून पार आभाळाला टेकलेली
आठ नंबरची तार.
तिनेच फाटक बांधायचं, किटलीची मूठ,
ट्रॅक्टरचा सायलेन्सर, रेडिओची एरियल,
एकदा तर, बर्फात, कुत्रीचा मोडलेला पाय.
"लग्न सोडून सगळं. ते नेटाने टिकवलं."
नेटा त्याची बायको.
त्याला काय ठाऊक, माझ्या भाषेत
ते वाक्य दुहेरी पिळाचं झालं.

पण 'तार' हा शब्द त्यांच्या घरात नव्हता.
तो सहा वर्षांचा. चुलीवर जर्दाळू.
आई दोन बोटांत पाक धरून बघत होती,
तार येते का.
तेवढ्यात पोस्टातली मुलगी सायकल भिंतीला टेकवून
दारात उभी राहिली. ती काही बोलली नाही.
मोठा भाऊ हेक्टर. वाळवंटात. पुढचं अक्षर ओलं.
पाक पुढे गेला, काळा झाला, भांड्याला धरला.
ते भांडं नंतर मेंढ्यांच्या औषधाला वापरलं.
आणि कुंपणाच्या तारेलाही त्या दिवसापासून
सगळे नुसतं 'आठ' म्हणू लागले.
आठ आण. आठ संपलं. आठ ताण जरा.

"ताणली की पक्कड मारून ऐकायची," तो सांगत होता,
पांढऱ्या पिळांवरून बोट फिरवत.
"ढब्ब वाजली तर सैल. मेंढी डोकं घालणारच.
फार चढी वाजली तर
जुलैतल्या एखाद्या पहाटे, गारठ्यात, आपोआप तुटते.
बंदुकीसारखा आवाज होतो. घरात झोपेत कळतं
कुठल्या बाजूची गेली."

मग बोट थांबलं.
"हा दुसरा. बघ. सर्जन तरुण होता का गं?
मी असतो तर आठाची गाठ मारली असती."

मला आधीच दिसलं होतं.
दुसऱ्या पिळात, डाव्या अंगाला,
केसाएवढी काळी फट.
मला बोलायची परवानगी नाही. अहवाल डॉक्टर देतात.
मी बटणं दाबली, नाव टाकलं, जन्मसाल टाकलं,
'तातडीचे' या चौकोनात खूण केली.
माझी तारांबळ तो शांतपणे बघत राहिला,
खांबाला टेकून उभं राहावं तसा.

"रात्री ऐकू आलं होतं," म्हणाला.
"नेटाला सांगू नकोस."

मग कोटाच्या खिशातून वीतभर तुकडा काढला
(दवाखान्यात कुणी कशाला आणेल?)
आणि कपडे बदलायच्या खोलीतला पडदा,
वर्षभर एका कडीवर लोंबणारा,
ज्यासाठी मी तीनदा अर्ज केला होता,
तो दोन पिळांत वर बांधला.
तिसरा पीळ देताना हात छातीशी गेला. तो अर्धाच राहिला.

अजून तसाच आहे.
शेवटचा पेशंट गेला की
मी नखाने टिचकी मारते.

ढब्ब नाही वाजत. चढीही नाही.